पुण्याहून ध्रुवीय मोहीम-क्रूझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच सफरीत दिसतील का?

नाही. पेंग्विन दक्षिणेत, ध्रुवीय अस्वल उत्तरेत. अंटार्क्टिकाची सफर बहुतेक वेळा अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून नोव्हेंबर ते मार्चदरम्यान निघते. अस्वल, वॉलरस, रेनडिअर आणि ध्रुवीय कोल्हा पाहायचा असेल, तर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जावं लागतं. तिथला हंगाम मे ते सप्टेंबर.

पहिल्यांदा जायचं तर दोन्हींपैकी कुठे जावं?

रजा दोन आठवड्यांची आणि बजेट आवळलेलं असेल तर स्वालबार्ड. प्रवास कमी, अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या ड्रेक पॅसेजसारखा उघडा समुद्र ओलांडायचा नाही, व्हिसाही ओळखीचा. पण अस्वल 'दिसेलच' असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून तिकीट घेऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जूनदरम्यान ५०० मीटर अंतर राखणं कायद्याने बंधनकारक आहे. एवढ्या अंतरावरून मोबाइलच्या फोटोत अस्वल म्हणजे एक पिवळसर ठिपका. चांगली दुर्बीण नसेल तर पैसे निम्मे वाया.

अंटार्क्टिकात याउलट. प्राणी माणसाला घाबरून पळत नाहीत, वसाहतीत हजारो पेंग्विन असतात, त्यामुळे ते दिसणार का ही चिंताच उरत नाही. खर्च आणि दिवस झेपत असतील तर आमचा कौल अंटार्क्टिकाला.

जहाज कसं निवडायचं? बाल्कनीची खोली घ्यावी का?

माहितीपत्रकात खोलीचे फोटो मोठे असतात आणि प्रवासीसंख्या बारीक अक्षरात असते. आधी ती संख्या शोधा.

अंटार्क्टिकात सफरी नेणाऱ्या कंपन्यांची आयएएटीओ ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. नियम असा, की एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात आणि दर २० जणांमागे किमान एक मार्गदर्शक हवा. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला कुणालाही उतरवता येत नाही. ते नुसतं किनाऱ्याजवळून फिरून येतं. भारतात 'अंटार्क्टिका क्रूझ' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही सफरी याच प्रकारच्या असतात.

आता हिशेब करा. जहाजावर १०० प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात. १९० असतील तर निम्मे किनाऱ्यावर आणि निम्मे रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरतात, मग अदलाबदल. हेही चालतं, कारण बोटीतली फेरीसुद्धा सुंदर असते. ४०० असतील तर पाळ्या लागतात आणि हवा बिघडली की शेवटची पाळी कापली जाते. बाल्कनीवर खर्च होणारे पैसे लहान जहाजावर खर्च करा. दिवसभर तुम्ही डेकवर किंवा बाहेर असणार, खोलीत फक्त झोपायला. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली, गोल खिडकीची खोली सगळ्यात कमी हलते आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्तही असते.

लहान जहाजाचा एक तोटा मात्र आहे: खवळलेल्या समुद्रात ते जास्त डोलतं.

स्वालबार्डच्या संरक्षित भागात २०२५ पासून २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी आहे आणि तिथे उतरण्याची ठिकाणं ४३ वर आणली आहेत. २०२४ किंवा त्याआधीचे प्रवासवर्णनाचे व्हिडिओ पाहून अपेक्षा ठेवू नका.

अंटार्क्टिकासाठी कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा, हिमनग भरपूर आणि पेंग्विनांची घरटी बांधायची धांदल. एकमेकांचे खडे चोरणं याच काळात पाहायला मिळतं. पण काही खाड्या अजून समुद्रबर्फाने बंद असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिलं, उजेड जवळपास चोवीस तास आणि दर सगळ्यात चढे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर, बर्फ मागे हटल्यामुळे जहाज जास्त दक्षिणेला जाऊ शकतं, कधी ६६°३३′ दक्षिण अक्षांशावरचं अंटार्क्टिक वर्तुळही ओलांडतं. मात्र तोवर वसाहतींचा चिखल झालेला असतो आणि विष्ठेचा वास जहाजापर्यंत येतो.

नेहमीच्या सफरीत जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली हे तीन पेंग्विन भेटतात. किंग पेंग्विन पाहायचे तर साउथ जॉर्जियाची, साधारण तीन आठवड्यांची सफर लागते. एम्परर सहसा दिसत नाही. त्यांच्या वसाहती नेहमीच्या मार्गाच्या बाहेर, गोठलेल्या समुद्रावर असतात.

एकूण खर्च किती येतो?

उशुआयाहून १०-११ दिवसांच्या सफरीला दोघांच्या सामायिक खोलीत माणशी साधारण ८ ते १५ हजार डॉलर धरा. विमानं, व्हिसा, विमा, ब्वेनोस आइरेस आणि उशुआयातला मुक्काम वेगळा. एकट्याने खोली घेतली तर अधिभार लागतो. तो टाळायचा असेल तर अनोळखी सहप्रवाशाबरोबर खोली वाटून घेण्याची सोय आहे का, ते विचारा.

नोंदणीला साधारण २०-३० टक्के आणि उरलेली रक्कम निघण्याच्या तीन-चार महिने आधी भरायची असते. त्या तारखेनंतर रद्द केल्यास जवळपास काहीच परत मिळत नाही, म्हणून व्हिसाची तयारी या तारखेच्या उलट्या दिशेने मोजा. परदेशात पैसे पाठवण्याची मर्यादा उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे, ती आड येत नाही. पण पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, आकारला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने नोंदणीच्या दिवशीचा दर सीएंना विचारा. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करता येते. त्यामुळे पैसे ज्याच्या खात्यातून जाणार, त्याचंच पॅन द्या. वडिलांची सहल मुलाच्या खात्यातून भरली, की पुढे निस्तरत बसावं लागतं.

पुण्याहून उशुआयाला कसं पोचायचं?

मुंबईहून दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा अदिस अबाबामार्गे ब्वेनोस आइरेस. तिथून साडेतीन तासांचं देशांतर्गत विमान. तीन गोष्टी चुकतात.

पहिली, ब्वेनोस आइरेसला दोन विमानतळ आहेत. आंतरराष्ट्रीय विमानं एसेइसाला उतरतात, उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या आएरोपार्केहून सुटतात. मध्ये तासाभराचा रस्ता आणि गर्दी. दोन्ही विमानांत सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. त्यापेक्षा एक रात्र तिथेच राहिलेलं बरं.

दुसरी, देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा अनेकदा १५ किलोच असते. मुंबईला चालून गेलेली २३ किलोची बॅग तिथे जादा ठरते.

तिसरी, जहाज थांबत नाही. उशुआयात निदान एक, शक्यतो दोन रात्री आधी पोचा. सामान मागे राहिलं तर ते यायला तेवढा वेळ मिळतो. आणि शनिवार-रविवार असेल तर घाटातल्या कोंडीचा हिशेब धरून पुण्यातून निघा.

स्वालबार्डसाठी मुंबईहून युरोपातल्या एखाद्या शहरामार्गे ऑस्लो आणि तिथून तीनेक तासांत लाँगइयरब्येन.

व्हिसा कोणकोणते लागतात?

अंटार्क्टिकाला व्हिसा नाही. तिथला परवाना सफर नेणारी कंपनी काढते. अर्जेंटिनाचा व्हिसा मात्र भारतीय पासपोर्टला लागतो. त्याचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सवलत असते, तिच्या अटी अर्ज करण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा. जहाज उशुआयाहून निघून तिथेच परत येतं, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. चिलीतल्या पुंता अरेनासहून निघणाऱ्या सफरीसाठी चिलीचाही लागेल.

स्वालबार्डमध्ये खरी मेख आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही हे खरं, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा प्रवेश. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर परतीचं विमान अडकतं. किमान दोन प्रवेश हवेत. अर्जासोबत क्रूझचं निश्चितीपत्र आणि प्रवासाचा तारीखवार तक्ता जोडा, म्हणजे दोन प्रवेश का मागितले ते अधिकाऱ्याला कळतं.

पिवळ्या तापाची लस कशासाठी? अंटार्क्टिकात डास कुठे आहेत?

लस अंटार्क्टिकासाठी नाही, भारतात परत येण्यासाठी आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. प्रमाणपत्राविना तिथून परतलात तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. साओ पाउलोला विमान बदलणाऱ्यांनी तर हे गृहीतच धरावं.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एका कुपीत अनेक मात्रा असल्यामुळे केंद्रं ठरावीक वारीच लस देतात, नाव आधी नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. ६० वर्षांवरच्यांना पहिल्यांदाच लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत. अशांनी आपल्या डॉक्टरांशी महिनाभर तरी आधी बोलावं. आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात, म्हणून हे ठळकपणे सांगतो.

ड्रेक पॅसेजमध्ये बोट लागेल का?

बहुधा हो, निदान थोडी. केप हॉर्न आणि साउथ शेटलंड बेटं यांच्यामध्ये सुमारे ८०० किलोमीटरचा हा समुद्र. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेच जमीन आडवी येत नाही, त्यामुळे पश्चिमेचे वारे आणि अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाह अडथळ्याविना धावत येऊन या चिंचोळ्या वाटेत घुसतात. ओलांडायला साधारण दोन दिवस जातात, परतीला पुन्हा दोन. कधी तो तळ्यासारखा शांत असतो, कधी जेवणाच्या टेबलावरच्या बश्या जागेवर राहत नाहीत.

गोळीची वेळ महत्त्वाची. उशुआयाहून निघाल्यावर पहिले काही तास जहाज बीगल खाडीच्या शांत पाण्यात असतं. लोक निर्धास्त होऊन भरपेट जेवतात आणि मध्यरात्री उघड्या समुद्रात आल्यावर गोळी शोधतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. खाडीत असतानाच, झोपण्यापूर्वी घ्या. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन यांपैकी काय चालेल हे डॉक्टरांना पुण्यातच विचारा आणि एक गोळी घरी घेऊन किती झोप येते ते पाहून ठेवा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ही औषधं सल्ल्याशिवाय घेऊ नका.

पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं किंवा आलेपाक चघळा, क्षितिजाकडे पाहा, फोनमध्ये डोकं घालू नका. आणि चालताना एक हात कठड्याला. ड्रेकमधल्या दुखापती पडण्यामुळे आणि दाराच्या फटीत बोटं चिरडल्यामुळे होतात. दाराची कड कधीही धरू नका.

ड्रेक टाळता येतो का?

येतो. पुंता अरेनासहून विमानाने दोनेक तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडायचं. हे महाग पडतं, सामानावर कडक मर्यादा असते, आणि धुकं आलं की विमान एक-दोन दिवस उडत नाही. तो उशीर तुमच्या सफरीतून वजा होतो. तीव्र त्रास होणाऱ्यांनीच हा मार्ग घ्यावा.

थंडी किती? कपडे कोणते घ्यायचे?

ऐन उन्हाळ्यात अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असतं. आकडा वाचून वाटतो तेवढा भयंकर नाही. त्रास देतात ते वारा आणि ओल.

अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. बहुतेक कंपन्या जाड जॅकेट देतात आणि गमबूट वापरायला देतात. ते मिळतं का हे विचारूनच खरेदीला जा. पाणी न शिरणारी पँट मात्र स्वतःची लागते. ती गमबुटाच्या बाहेरून खाली सोडायची, आत खोचली तर लाट बुटात शिरते. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा, ओलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं.

पाय गारठण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घट्ट बूट. लोक दोन जाड मोजे चढवतात, बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. एक पातळ, एक जाड मोजा आणि वर बोटं हलवायला जागा. बुटाचं माप कळवताना एक नंबर मोठा सांगा. हातमोज्यांच्या दोन जोड्या: आत पातळ, बाहेर जलरोधक. काळा चष्मा आणि ५० एसपीएफचं सनस्क्रीन विसरू नका. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं.

गुडघे दुखतात. जमेल का?

पर्वतीच्या पायऱ्या सावकाश का होईना, चढता-उतरता येत असतील तर सहसा जमतं. किनाऱ्यावर चालणं थोडं असतं आणि मध्येच थांबता येतं. अवघड भाग आहे तो हलत्या शिडीवरून रबरी बोटीत पाय टाकण्याचा. या बोटीला झोडियाक म्हणतात, तीत साधारण दहा जण कडेच्या फुगीर नळीवर बसतात. उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा बॅगेत. खलाशाचा हात पंज्याने नाही, मनगटाच्या वर धरायचा, तोही तुमचा तसाच धरतो. पंजा निसटू शकतो, ही पकड निसटत नाही. आधी बोटीच्या नळीवर पाय, मग आतल्या पायरीवर, मग बसून सरकायचं. किनाऱ्यावर धक्का नसतो. पाय पाण्याच्या बाजूला फिरवून घोटाभर पाण्यात उतरायचं. घरी खुर्चीवर बसून दोन्ही पाय उचलून बाजूला फिरवण्याचा सराव महिनाभर करा.

किनाऱ्यावर काय नियम असतात?

पेंग्विनपासून किमान ५ मीटर, फर सीलपासून १५ मीटर. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर हलू नका, तो जाईल. बर्फात त्यांनी पाडलेल्या पायवाटा असतात, त्या ओलांडायच्या असतील तर आधी त्यांना जाऊ द्यायचं. पाऊल बर्फात खोल रुतलं तर तो खड्डा बुजवा, त्यात पेंग्विन अडकतो.

बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायचं, गुडघे टेकायचे किंवा बॅग खाली ठेवायची मनाई आहे. जमिनीला फक्त बूट लागले पाहिजेत. परतल्यावर बूट घासून जंतुनाशकात बुडवायचे.

पहिल्यांदा उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे कपडे आणि बॅगा तपासून व्हॅक्यूमने साफ करतात. इथे पुणेकर हमखास अडकतात, कारण सिंहगडावर नेलेली बॅग आणि तीच पँट बरोबर असते. व्हेल्क्रोमध्ये कुसळं, शिवणीत गवताचं बी, तळव्यात माती. परकं बी तिथे रुजू शकतं: पोआ ॲन्युआ नावाचं गवत किंग जॉर्ज बेटावर पसरलं आहे. घरीच टूथब्रश आणि चिमट्याने साफ करा, नाहीतर जहाजावर दोन तास तेच करावं लागेल.

किनाऱ्यावर शौचालय असतं का?

नसतं. आडोशाला जाण्याचीही परवानगी नाही. उतरणं दोन-तीन तासांचं असतं. चहा उतरण्याच्या तासभर आधी घ्या. अडचण आलीच तर मार्गदर्शकाला सांगा, बोट जहाजावर नेऊन सोडते. संकोचून गप्प बसू नका.

शाकाहारी जेवण मिळतं का? घरून काय न्यावं?

मिळतं, पण नोंदणी-अर्जात नेमकं लिहा. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर अंडं चालतं असं धरलं जातं. मांस, मासे, अंडं आणि त्यांचा अर्क असलेलं सूप चालत नाही, असं सगळं लिहा. कांदा-लसूण नको असेल तर तेही. आठवड्याभराने पास्ता आणि सॅलडचा कंटाळा येतो, म्हणून चिवडा, चकली, खाकरा अशी कोरडी बंद पाकिटं न्या. फळं, दूध-तुपाचे पदार्थ, कच्चे तीळ, मेथी, धणे नेऊ नका. अर्जेंटिनाच्या विमानतळावर ताजे आणि दुधाचे पदार्थ व बियाणं काढून घेतात. किनाऱ्यावर कोणतंच खाणं न्यायचं नाही.

कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी?

१००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स अंटार्क्टिकाला पुरते, अस्वलासाठी त्याहून लांब पल्ल्याची हवी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. बर्फामुळे कॅमेरा फसतो आणि चित्र करडं येतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. बाहेरून आत येताना कॅमेरा आधी झिपच्या पिशवीत बंद करा, तासाभराने उघडा. नाहीतर उबदार हवेतली वाफ थंड लेन्सवर, आतल्या बाजूलाही जमते. ड्रोन आणू नका, पर्यटकांना उडवू देत नाहीत.

फोन चालतो का?

उपग्रहाचं इंटरनेट बहुतेक जहाजांवर असतं, बरेचदा पैसे भरून. फोन पूर्ण सफरभर फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि ते दर साध्या रोमिंगमध्ये धरलेले नसतात.

आजारी पडलो तर? विमा किती असावा?

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. शस्त्रक्रिया, रक्तपेढी, कॅथलॅब नाही. बाहेर काढायचं तर किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीपर्यंत जाऊन हवा उघडायची वाट पाहायची किंवा ड्रेक ओलांडून परत फिरायचं. यात दिवस जातात आणि खर्च प्रचंड. म्हणून कंपन्या वैद्यकीय स्थलांतराचा विमा सक्तीचा करतात, रक्कम करारात दिलेली असते. घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलेलं आहे का, समुद्रातून स्थलांतराचा खर्च मिळतो का, आणि आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब धरला आहे का. 'वर्ल्डवाइड' हा शब्द वाचून समाधान मानू नका.

नेहमीची औषधं दोन आठवडे जास्तीची, दोन वेगळ्या बॅगांत, मूळ औषधाच्या नावाच्या चिठ्ठीसह. निघण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या.

ठरलेलं ठिकाण वगळलं तर पैसे परत मिळतात का?

नाही, आणि करारात तसं लिहिलेलंच असतं. कार्यक्रम-पत्रिकेतली लेमेअर खाडी, नेको हार्बर, डिसेप्शन बेट ही नावं इच्छा म्हणून वाचा. बर्फ, वारा आणि लाट पाहून कप्तान व मोहीमप्रमुख रोज रात्री ठरवतात आणि सकाळी पुन्हा बदलतात. हिमनदीवरून उतरणारा वारा दहा मिनिटांत वाढतो. बोलावणं आलं की लगेच बोटीत बसा, 'अजून एक फोटो' नको.

भारताची संशोधन केंद्रं पाहता येतात का?

'मैत्री' आणि 'भारती' पूर्व अंटार्क्टिकात आहेत, पर्यटक जहाजांच्या वाटेपासून फार दूर. स्वालबार्डमध्ये मात्र न्यू-ओलेसुन्दला २००८ मध्ये सुरू झालेलं 'हिमाद्री' आहे. काही जहाजं तिथे थांबतात आणि केंद्र बाहेरून पाहता येतं. तिथल्या उपकरणांमुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, स्मार्ट घड्याळाचंसुद्धा.

ध्रुवीय प्रकाश दिसेल का?

या हंगामात जवळपास नाही. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. त्यासाठी वेगळी सहल करा. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी मात्र न्या.

आठवण म्हणून दगड किंवा पीस आणता येतं का?

नाही. दगड, पीस, हाड, शिंपला काहीच नाही. पोर्ट लॉकरॉयला जहाज थांबलं तर तिथल्या टपाल कार्यालयातून पत्र टाकता येतं, ते पुण्यात पोचायला महिनोन्महिने लागू शकतात. पत्त्यात पिनकोड आणि 'इंडिया' ठळक लिहा.